तीन नंबरची जागा

टेबलावर नकाशा चिकटवला त्या दिवसापासून ती ओट्याशी उभी राहून जेवत होती. नकाशा मोठा होता, चौघांच्या टेबलाच्या कडांवरून खाली लोंबणारा, आणि कप्तानाने त्यावर जाड प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. "निघेपर्यंत इथेच राहू दे," तो म्हणाला होता. "येता-जाता नजर पडत राहील. रस्ता डोक्यात बसतो." नजर पडत होती. निळ्या कागदावर सात बेटं, त्यांना जोडणारी लाल रेघ, रेघेवर पाच मुक्कामांचे पाच गोल. रस्ता डोक्यात इतका बसला होता की कामावर कवळीला दात लावतानाही तिला हिरड्यांच्या जागी किनारे दिसायचे.

क्लबातले सगळे तिला वहिनी म्हणत. खरं तर ती बावन्न वर्षांची, सव्वीस वर्षं एकाच लॅबमध्ये कवळ्या बनवणारी बाई होती. मेणात दात रोवताना तिचा हात अर्धा मिलिमीटरही हलत नसे आणि तिथे लोक तिला थोडे बिचकूनच असत. पण घराची घंटा वाजली आणि दारात वल्हेकरी मंडळी उभी राहिली की ती फक्त वहिनी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. क्लबात त्याचं नाव मोटर, कारण एकदा वल्हवायला लागला की थांबायचं नाव नाही. दहा महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी तो बोटीतच गेला. हृदय थांबलं. छपन्नाव्या वर्षी.

त्या बोटीत पाच जण बसतात. चौघं एकामागे एक, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, आणि चौघांचीही पाठ जायच्या दिशेला. पाचवा मागच्या टोकाला, त्यांच्याकडे तोंड करून, सुकाणू धरून. पुढे काय आहे ते एकट्या त्यालाच दिसतं. तो म्हणजे कप्तान: शाळेतून निवृत्त झालेला व्यायामाचा मास्तर, वय सहासष्ट, आवाज अजून मैदानावरचा. त्याच्यासमोर चार नंबरवर नर्स. तीन नंबर मोटरचा. दोनला सुतार, एकला बेकरीवाला. अकरा वर्षं हेच पाच जण, ह्याच क्रमाने.

मोटर गेल्यावर महिन्याभराने क्लबात सगळे जमले. कप्तान उठला आणि म्हणाला की सात बेटांची सफर हे मोटरचं स्वप्न होतं, ते आपण पूर्ण करायचं, आणि तीन नंबरच्या जागेवर वहिनी बसतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. कोणीतरी तिच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. ती म्हणाली, "बघू."

तिच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता. नवऱ्याला तो माहीत होता, मुलीला तर पाळण्यापासून माहीत होता. क्लबाला माहीत नव्हता.

आणि स्वप्नाचं म्हणाल तर मोटर तिच्यापाशी त्या बेटांबद्दल एकदाच बोलला होता. "जायला पाहिजे कधीतरी," असं म्हणाला होता, अगदी ज्या सुरात तो गच्चीची पन्हळ साफ करायला पाहिजे म्हणायचा त्याच सुरात.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पोहता येत नाही म्हणाली, तर नर्स दर बुधवारी येऊन तिला तरणतलावावर घेऊन जाऊ लागली आणि तीन महिन्यांत तिला पोहता यायला लागलं. पाठ दुखते म्हणाली, तर बेकरीवाल्याने वल्हवायचा सराव करायचं यंत्र आणून तिच्या झोपायच्या खोलीत ठेवलं. पाठ बळकट होईल म्हणाला. यंत्र पलंगाएवढं लांब. कपाटाचं दार त्यामुळे अर्धंच उघडायचं, आणि आतला रुमाल काढायचा तरी तिला त्यावरून पाय टाकून तिरकं व्हावं लागे. रजा मिळणार नाही म्हणाली, तर सुताराने लॅबच्या मालकाला गाठलं. मालकाच्या घराचे दरवाजे त्यानेच बसवले होते. मालकाने तिला केबिनमध्ये बोलावून आपणहून रजा दिली आणि वर म्हणाला, "तुमचं कौतुक वाटतं हो." ती जे जे कारण पुढे करी, ते ही माणसं प्रेमाने उचलून बाजूला ठेवत आणि तिच्यासाठी वाट मोकळी करून देत. वाट एकच होती, बोटीकडे जाणारी.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "आई, किती चांगली माणसं आहेत गं."

"आहेत ना."

"मग आवाज असा का?"

"कसा?"

"बघू म्हणतेस तेव्हाचा."

तिला वाटलं आता बोलून टाकावं. पण मुलगीच पुढे म्हणाली, "पण तू जाच हं. तुला बरं वाटेल. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलेय, माझी आई बोटीने सात बेटं फिरणार म्हणून." त्यावर ती म्हणाली, "जेवलीस का?"

कोणालाच न सांगितलेली गोष्ट साधी होती. तिला रविवार हवा होता. तेवीस वर्षं दर रविवारी पहाटे नवरा वल्हवायला जायचा आणि अकरापर्यंत घर तिचं असायचं. त्या वेळात ती काही मोठं करत नसे. अंथरुणात बसून लोणी लावलेला पाव खायची, रेडिओ लावून इस्त्री करायची, कधी नुसती खिडकीत बसायची. संसारात काही कमी होतं म्हणून नव्हे. आठवडाभर दुसऱ्यांच्या जबड्यांत डोकं घालून बसलेल्या बाईला पाच तास कोणाचंच तोंड बघायचं नसे, इतकंच. नवरा अकराला यायचा, खारट, भुकेला, आणि तिला तो आलेला आवडायचा. आता नवरा नव्हता आणि रविवारही नव्हता. नऊ वाजता घंटा वाजायची. बेकरीवाल्याच्या हातात गरम पावांची पिशवी, सुताराच्या हातात पट्टी आणि पेन्सिली, नर्सच्या हातात याद्या. एक वाजेपर्यंत ते नकाशाभोवती बसत. सगळ्यांना तिच्या हातचा चहा आवडायचा.

सफर महिन्यावर आली तेव्हा तिला पहिल्यांदा बोटीत बसवलं. बंदराच्या भिंतीच्या आतलं, शांत पाणी. बोटीत प्रत्येक जागेसमोर बुटांचा एक जोड फळीला स्क्रूने पक्का केलेला असतो. त्यात पाय घालायचे, पट्ट्या आवळायच्या आणि सरकत्या बैठकीवर पुढे-मागे होत वल्हवायचं. तीन नंबरचे बूट मोटरचे होते. त्याने स्वतःच्या मापाचे बसवून घेतले होते.

"वहिनींच्या पायाचे बसवून देतो," सुतार म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," कप्तान म्हणाला. "त्याचेच असू दे. दोन मोजे घालतील त्या." आणि मग तिच्याकडे वळून, मऊ आवाजात, "चालेल ना, वहिनी?"

ती हो म्हणाली. दोन मोजे घालूनही टाचा आत हिंदकळत होत्या, म्हणून नर्सने पट्ट्या आणखी आवळल्या. बोट सुटली. समोर नर्सची पाठ, तिच्यापलीकडे कप्तानाचा चेहरा, मागे सुताराचा श्वास. "आणि एक, आणि दोन." आपण कुठे चाललोय ते तिला दिसत नव्हतं; जिथून निघालो तो धक्का तेवढा लहान-लहान होत होता. अर्ध्या तासाने पट्ट्या सोडल्या तेव्हा पायांवर लाल वळ उठले होते. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसांना नाही कसं म्हणायचं, ह्याचा विचार करत ती घरी चालत आली आणि कुलपात किल्ली घालून बराच वेळ दारातच उभी राहिली.

गंमत अशी की आखणीच्या कामात ती इतरांपेक्षा चोख निघाली. मोजमाप तिच्या रक्तात होतं. माणशी सामान किती, प्यायचं पाणी किती, कुठल्या मुक्कामी विहीर आहे आणि कुठे नाही, हे सगळं हळूहळू तिच्याकडे आलं. सामान पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत भरायचं होतं. तिने प्रत्येक पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली आणि बोट एका बाजूला कलू नये म्हणून कोणती कुठे ठेवायची ते लिहून काढलं. मग एका रविवारी, रोजचं अंतर तपासताना, तिचा हात थांबला.

"पहिल्या दिवशी चारच किलोमीटर?" तिने विचारलं.

पहिला गोल समुद्रातल्या दिव्याच्या खांबाशेजारच्या छोट्या बेटावर होता. धक्क्यावर उभं राहिलं तरी ते बेट दिसायचं. बोटीला तिथे पोहोचायला अर्धा तास पुरे.

"अंग मोकळं व्हायला बरं पडतं," कप्तान म्हणाला.

"पण मग दुसऱ्या दिवशी एकतीस होतात. आणि त्याच दिवशी दोन बेटांमधली ती अरुंद वाट आहे, जिथे प्रवाह उलटायच्या आत निघायचं असं तुम्हीच म्हणता. पहिला मुक्काम तिथून उचलून त्या वाटेच्या पलीकडे नेला तर सगळंच सोपं होतं. छोट्या बेटावर पाणी नाही, झाड नाही. नुसती वाळू आहे."

सुताराने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं. बेकरीवाला पाव निवडायला लागला, सगळे पाव सारखेच असताना. नर्स उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला गेली.

"तो मुक्काम राहील, वहिनी," कप्तान नकाशाकडे बघत म्हणाला. "बाकी तुम्ही म्हणाल तसं."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नर्स लॅबमध्ये आली. ती याआधी तिथे कधी आली नव्हती. शेल्फावरचे प्लॅस्टरचे जबडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग स्टुलावर बसली. वहिनीने छोट्या दिव्यावर सुरी गरम केली आणि हातातलं मेण कापत राहिली. काम चालू असलं की माणसं बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

"त्या दिवशी आम्ही छोट्या बेटाच्या जवळ होतो," नर्स म्हणाली. "एखादा किलोमीटर असेल. धक्का तीन किलोमीटर मागे."

सुरी थांबली.

"वहिनी, माणसाला आडवं केल्याशिवाय छाती दाबता येत नाही. मी चौदा वर्षं हे काम करते. बोटीत आडवं करायला जागाच नसते. तो सुताराच्या गुडघ्यांवर मागे कलंडला होता आणि पाय बुटांत अडकलेले. मी कप्तानांना म्हटलं, बेटावर घ्या, वाळूवर टाकू. ते म्हणाले, धक्क्यावर गाडी येईल, हृदयाला झटका द्यायचं यंत्र येईल, डॉक्टर येईल. सुकाणू त्यांच्या हातात होतं. त्यांनी धक्क्याकडे फिरवलं."

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. सुतार आणि बेकरीवाला, दोघंच वल्हवत होते. मी त्याला धरून बसले होते."

"आणि बेटाला किती लागला असता?"

"माहीत नाही. आम्ही कधी बोललोच नाही त्यावर."

बाजूच्या खोलीत घासायचं यंत्र सुरू झालं आणि बंद झालं. वहिनीने विचारलं, "वाचला असता?"

"डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेला असणार. मला ते खरं वाटतं. रोज वाटतं असं नाही."

मग ती उरलेलं बोलली. कप्तानाला वहिनींना त्या बेटावर न्यायचं होतं. तिथे नेऊन काय करणार, काय बोलणार, हे त्यालाही ठाऊक नसावं. पण तिथे गेल्याशिवाय त्याला सुटका दिसत नव्हती. "आणि आम्हीही तसेच," नर्स म्हणाली. "दर रविवारी तुम्ही दार उघडता, चहा करता. तेवढ्यावर आमचा आठवडा निघतो."

नर्स गेल्यावर वहिनीने हातातलं काम पूर्ण केलं. दुसऱ्याच दिवशी ते कोणाच्यातरी तोंडात बसायचं होतं. तिला वाटलं होतं की आपल्याला त्याचंच दुःख उसळून येईल. तसं झालं नाही. डोळ्यांसमोर आलं ते वेगळंच: आपण बोटीत बसलोय, पाय त्याच्या बुटांत आवळलेले, पाठ त्या बेटाकडे, आणि कप्तान आपल्याला काहीही न सांगता तिकडे घेऊन चाललाय. मग तिला राग आला. इतका की हात धुताना तिने नळ तुटेल असा पिळला. दहा महिने ही माणसं तिला सांभाळत होती असं तिला वाटत होतं. मीच यांना सांभाळत होते, आणि मला कोणी विचारलंही नाही.

रविवारी नऊला घंटा वाजली. तिने दार उघडलं, सगळे आत आले, पिशव्या ठेवल्या. तिने चहा ठेवला नव्हता. ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मी येणार नाही."

कप्तान हसला. "निघायची वेळ जवळ आली की सगळ्यांचं असंच होतं, वहिनी. शाळेत सामन्याच्या आदल्या दिवशी पोरं हमखास—"

"मी पोर नाही. मला कधीच यायचं नव्हतं. तुम्ही जाहीर केलंत त्या दिवशीही नव्हतं. मी भिडेपोटी गप्प बसले, ती चूक माझी. पण तुम्हाला मला त्या बेटावर न्यायचं होतं, ते का, हे सांगायला हवं होतं."

कप्तानाने नर्सकडे पाहिलं. नर्सने मान खाली घातली नाही.

मग कप्तान बोलला, आणि तो मैदानावरचा आवाज कुठे गेला कळेना. "हिने तुम्हाला अर्धंच सांगितलं असेल. त्याची वल्ही थांबली तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो. मला वाटलं, गंमत करतोय. मी म्हटलं, काय मोटर, पेट्रोल संपलं का? सगळे हसले. मी पुन्हा म्हटलं. मग तो मागे पडला." त्याने नकाशाच्या कडेवरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबली, जणू ती सुटत होती. "तेवढा वेळ हसण्यात गेला. आणि मग मी सुकाणू चुकीच्या बाजूला फिरवलं."

बेकरीवाला तोंडावर हात धरून बसला होता.

आता आपण काहीतरी म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. चौघंही त्याचीच वाट बघत होते; दहा महिने बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही, सवयीने, जसं 'बघू' आलं होतं. तिने ते गिळलं.

"चुकीच्या की बरोबर, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत नाही. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, तेही सांगता येत नाही. मला तुमचा राग आलाय. तो जाईल कधीतरी, पण आज आहे. तो जावा म्हणून मला बोटीत बांधून नेऊ नका."

"तुम्ही नसाल तर आम्ही जायचं कशाला?" सुताराने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि पुढच्या रविवारी येऊ नका. एरवी या, बुधवारी या, शुक्रवारी या. रविवार माझा आहे. मोटर होता तेव्हाही माझाच होता."

हे वाक्य सगळ्यांत जास्त लागलं असावं, कारण बेकरीवाल्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं, जणू ही बाई कोण. कोणी वाद घातला नाही. सुताराने नखाने चिकटपट्टी सोडवायला घेतली. एका कोपऱ्यात लाकडाचा रंग पट्टीबरोबर निघून आला; तो म्हणाला, मी पॉलिश करून देतो, आणि मग लगेच, "बुधवारी." त्यांनी नकाशा गुंडाळला. वल्हवायचं यंत्र नेताना ते जिन्याच्या वळणावर अडकलं, आणि चौघं मिळून ते तिरकं करत, एकमेकांना हळू आवाजात सूचना देत खाली उतरले. तिने दार लावलं.

ती मोकळी झाली असं म्हणवत नाही. पुढचा रविवार आला तेव्हा पाव होता, रेडिओ होता, खिडकी होती, आणि साडेआठपासून तिचा कान घंटेकडे होता. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. कोणी आलं नाही. आपण दुष्टपणा केला असं तिला दुपारपर्यंत वाटत राहिलं. मुलीला सांगितलं तर ती आधी नाराज झाली, मग म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू बघू म्हणाली होतीस ना?"

बुधवारी सुतार पॉलिश घेऊन आला. त्याच्याकडून कळलं की मंडळी जाणार आहेत. तीन नंबरवर वाचनालयात काम करणारी एक मुलगी बसणार होती. ती बिचारी दीड वर्षापासून जागा मागत होती आणि दर वेळी तिला सांगितलं जात होतं की जागा रिकामी नाही. आता विचारलं तेव्हा ती पळत जाऊन रजेचा अर्ज देऊन आली म्हणे. तिच्या मापाचे बूट सुताराने बसवले होते. जुने कुठे गेले, ते वहिनीने विचारलं नाही. पिशव्यांच्या वजनाची यादी तिने कागदावर स्वच्छ लिहून त्याच्या हाती दिली. नवी मुलगी किती वजनाची आहे ते विचारलं आणि दोन पिशव्यांच्या जागा बदलल्या.

ते निघाले तो रविवारच होता. ती धक्क्यावर गेली नाही. सकाळी पावणेआठला फोन वाजला. पलीकडे आधी नुसता वारा होता.

"वहिनी, छोट्या बेटावरून बोलतोय." कप्तान. "रविवारी फोन केला, माफ करा."

"मुक्काम तिथेच?"

"नाही, मुक्काम काढला. नुसते उतरलोय." पुन्हा वारा. "येताना त्या जागी थांबलो. तिथून इथवर दोघांनीच वल्हवलं, तेव्हाच्यासारखं. मी घड्याळ लावलं होतं. सांगू का? नको म्हणालात तर नाही सांगणार."

या वेळी त्याने विचारलं होतं. नको म्हणायला आता तिला भीड वाटत नव्हती. ती फोन कानाला धरून उभी राहिली आणि तिला कळलं की आपण विचार करत नाही आहोत, नुसतं थांबलोय. नको म्हटलं तरी तो आकडा कुठेतरी असणारच आहे.

"सांगा."

"अकरा मिनिटं."

मागे कोणीतरी, बहुधा ती नवी मुलगी, काहीतरी विचारत होती आणि नर्स तिला हळू आवाजात उत्तर देत होती.

"अरुंद वाटेत पाणी किती वाजता फिरतं?" वहिनीने विचारलं.

"साडेदहाला."

"मग तिथे थांबू नका आता."

"नाही. निघतोच." आणि मग, "बरं, वहिनी."

तिने फोन ठेवला. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अकरा मिनिटं मोजायला लागली. समोरच्या गॅलरीत शेजारीण धुणं घेऊन आली. एकेक कपडा झटकला, वाळत घातला, चिमटे लावले. दोन चादरी होत्या, त्या पिळून, ताणून, सुरकुत्या काढून दोरीवर टाकल्या. रिकामी बादली उचलून ती आत गेली, दार लावून घेतलं, तरी अजून दोन मिनिटं उरली होती.